आयलावरची किलहोमन: शेतातली व्हिस्कीची भट्टी बघायला जायचं तर

स्कॉटलंडला येणारे पाहुणे मला हटकून विचारतात, "एखादी डिस्टिलरी दाखव ना." त्यांच्या डोक्यात एडिनबर्गहून निघून संध्याकाळी परत येता येईल अशी एखादी मोठी, नावाजलेली जागा असते. मी ग्लासगोत राहतो आणि माझा सल्ला दरवेळी तोच असतो: दोन रात्री हातात असतील तर आयला बेटावर जा आणि तिथली किलहोमन बघा. मोठ्या कारखान्यात व्हिस्की बनताना दिसते ती निम्मीच. जव बाहेरून भिजवून, मोड आणून, वाळवून येतो आणि भरलेली पिंपं कुठल्या तरी दूरच्या गोदामात जातात. किलहोमनला शेत, मोड आणायची फरशी, धुराची भट्टी, तांब्याची स्टिल (दारू गाळायची मोठी पातेली), पिंपांचं गोदाम आणि बाटल्या भरायची खोली सगळं चालत फिरण्याच्या अंतरावर आहे. एकदा इथे पाहिलं की पुढे कुठल्याही डिस्टिलरीत काय चाललंय ते आपसूक कळतं.

थोडी पार्श्वभूमी. आयलावर दहाच्या आसपास जुन्या-नव्या डिस्टिलऱ्या आहेत आणि त्यातल्या बोमोरची सुरुवात 1779ची. 1881 साली ब्रुकलॅडी आणि बुनाहाव्हन सुरू झाल्या आणि त्यानंतर तब्बल 124 वर्षं बेटावर टिकून राहील अशी नवी भट्टी कुणी बांधली नाही. 2005 मध्ये अँथनी विल्स यांनी रॉकसाइड फार्मवर किलहोमन उभी केली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पहिली धार निघाली. शेत तेव्हा दुसऱ्याचं होतं, ते 2015 मध्ये डिस्टिलरीनं विकत घेतलं. आता वाढ होऊनही वर्षाची क्षमता साडेसहा लाख लिटरच्या आसपास आहे. त्याच बेटावरच्या कूल ईलाची क्षमता याच्या दहापट आहे.

जायचं कधी आणि आधी काय ठरवायचं

एप्रिल ते सप्टेंबर हा सोयीचा काळ. दिवस मोठा असतो आणि जहाजाच्या फेऱ्याही जास्त असतात. मे महिन्याचा शेवटचा आठवडा मात्र टाळा. तेव्हा आयलावर फेश ईला हा व्हिस्कीचा आणि संगीताचा उत्सव असतो. बेटाची लोकवस्ती तीन हजारांच्या थोडी वर आणि पाहुणे हजारोंनी, त्यामुळे राहायच्या जागा वर्षभर आधी संपलेल्या असतात. मला स्वतःला सप्टेंबर आवडतो, कारण जवाची कापणी तेव्हाच्या सुमारास होते आणि शेताचा भट्टीशी असलेला संबंध डोळ्यांना दिसतो.

आरक्षण करताना क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक लोक आधी डिस्टिलरीचं तिकीट काढतात आणि मग अडकतात. आधी बेटावर नेणारं फेरीचं जहाज बघा, विशेषतः गाडी नेणार असाल तर, कारण गाडीची जागा माणसांच्या जागेच्या कितीतरी आधी भरते. मग राहायची जागा आणि त्यानंतर डिस्टिलरीची फेरी. पोर्ट शार्लट आणि ब्रुकलॅडी ही गावं किलहोमनला जवळची, बोमोर बेटाच्या मध्यावर. डिस्टिलरीची फेरी बेटावर पोहोचाल त्या दिवसाची ठेवूच नका. जोराचा वारा सुटला की जहाज सुटत नाही. एकदा मी धक्क्यावर पाच तास बसून शेवटी मुख्य भूमीवरच मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशीची आरक्षणं गेली. तेव्हापासून मी जाताना एक अख्खा दिवस मोकळा ठेवतो.

तिकीट काढायच्या आधी डिस्टिलरीला ईमेल करून दोन गोष्टी विचारा. तुमच्या तारखेला फरशीवर जव पसरलेला असेल का आणि स्टिल चालू असतील का? डिस्टिलऱ्या वर्षातून काही आठवडे दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. पर्यटकांची फेरी तेव्हाही होते, पण थंडगार तांबं बघण्यात काही मजा नाही. आणि फेरीचे प्रकार बघून घ्या. साधी फेरी तासाभराची असते, मोठ्या फेरीत गोदामात बसून थेट पिंपातली व्हिस्की चाखायला मिळते. पहिल्यांदा जाणाऱ्यानं मोठी घ्यावी असं माझं मत आहे, कारण इतक्या लांब पुन्हा येणं होत नाही.

पोहोचायचं कसं

ग्लासगोहून केनाक्रेगचा धक्का गाडीनं अडीच तासांवर आहे. वाटेत लॉख लोमंडच्या काठाने जाऊन पुढे डोंगरातून चढणारा ए-83 रस्ता लागतो. मोठा पाऊस झाला की तिथे आपल्या घाटासारखीच दरड कोसळते आणि वाहतूक वळवतात किंवा थांबवतात, म्हणून निघायच्या सकाळी रस्त्याची खबर घ्या. गाडी नसेल तर ग्लासगोच्या ब्युकॅनन बस स्थानकातून कँपबेलटाउनची बस केनाक्रेगला थांबते. तिथून फेरीचं जहाज पोर्ट एलनला साधारण दोन तास वीस मिनिटं घेते, पोर्ट अॅस्केगला दोन तास. दोन्ही बंदरं आयलावरचीच, पण बेटाच्या दोन टोकांना. जहाज कुठल्या बंदराला लागणार ते तिकिटावर नीट वाचा. ग्लासगोहून छोटं विमानही आहे, पाऊण तासाच्या आत पोहोचवतं.

बेटावर बस आहे, पण मोजकी, आणि ती किलहोमनपर्यंत जात नाही. रविवारी बसच्या भरवशावर काहीच ठरवू नका. टॅक्सी मोजक्याच, त्यामुळे एक दिवस आधी फोन करून ठरवायची. शेवटचे काही मैल लॉख गोर्म या तळ्याच्या बाजूने जाणारा एकेरी रस्ता आहे. समोरून गाडी आली की जवळच्या रुंद जागेत थांबून वाट द्यायची. समोरचा चालक हात उंचावेल, तुम्हीही उंचवा. आयलावर सगळेच करतात, ओळख असो वा नसो. मला ही रीत फार आवडते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी कोण चालवणार? स्कॉटलंडमध्ये डिसेंबर 2014 पासून मर्यादा 100 मिलिलिटर रक्तामागे 50 मिलिग्रॅम अल्कोहोलची आहे, इंग्लंडमध्ये ती 80 आहे. लंडनहून येणाऱ्या आपल्या मंडळींना हा फरक बऱ्याचदा माहीत नसतो. "दोन घोट तर घेतले" हा हिशेब इथे लावू नका. चालवणाऱ्यानं एक थेंबही घ्यायचा नाही. त्याचा वाटा छोट्या बाटल्यांत भरून देतात, फेरीच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलं की झालं. तो संध्याकाळी खोलीवर निवांत चाखतो आणि खरं तर त्यालाच चव जास्त नीट कळते.

त्या दिवशी सकाळी

पोटभर नाश्ता करा. अत्तर, सुगंधी तेल, वासाचं क्रीम काही लावू नका. पुढचे दोन तास तुमचं नाकच सगळं काम करणार आहे आणि शेजाऱ्याचंही. बंद बूट घाला, शेताचा चिखल असतो. वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही, टोपी असलेला रेनकोट हवा. लहान मुलं बरोबर असतील तर उत्पादनाच्या भागात किती वयापासून नेतात ते आधी विचारून घ्या. चाखायला मात्र 18 पूर्ण हवेत.

आणि दिवसाला एकच डिस्टिलरी. फार तर दोन. पहिल्या खेपेला मी तीन ठरवल्या होत्या, तिसऱ्या ठिकाणी मला धुराखेरीज कसलाच वास येत नव्हता.

आत काय बघायचं

मागच्या खेपेला माझ्याबरोबर चिपळूणची मावशी होती. ती दारूला शिवत नाही. "तुम्ही जा, मी बाहेर समुद्र बघते," असं म्हणत होती, मी आग्रह करून आत नेलं. मोड आणायच्या फरशीवर पाऊल टाकलं आणि ती थबकली. लांब, थंड खोली, सिमेंटची फरशी आणि तिच्यावर घोट्याएवढा ओल्या जवाचा थर. हवेत काकडीसारखा, कच्चा हिरवा वास. मावशी वाकली, विचारून मूठभर दाणे उचलले, एक दाणा दोन नखांत धरून उकलला.

"अरे, ही तर मटकीच की!"

"मटकी नाही गं, जव आहे."

"ते कळतंय मला. मोड आणलेत रे. ह्याला विचार, मोड किती लांब झाले की थांबवतात? जास्त झाले की कडू लागत असतील."

मी प्रश्न इंग्रजीत केला आणि वाटाड्याचा चेहरा खुलला. त्यानं दाणा उभा चिरून दाखवला. बाहेर दिसतात ती मुळं. खरा अंकुर सालीच्या आत दाण्याच्या पाठीवरून सरकतो आणि दाण्याच्या पाऊण लांबीपर्यंत आला की थांबवायचं. आणखी वाढू दिला तर दाण्यातली साखर रोपच खाऊन टाकेल. मग त्यानं जुन्या लोकांची कसोटी करून दाखवली. दाणा बोटानं चोळला आणि खडूसारखी पांढरी रेघ उमटली. अशी रेघ उठली म्हणजे आतला पिठूळ भाग मोकळा झाला. मोड आणण्याचं सगळं शास्त्र मावशीच्या स्वयंपाकघरात आधीपासून होतं.

म्हणून या खोलीत घाई करू नका. जव आधी भिजवतात, मग पाच-सहा दिवस फरशीवर ठेवून फावड्यानं वरखाली करतात. आत उष्णता साठते, मुळं एकमेकांत गुंततात, आणि न हलवता ठेवलं तर अख्खी गोधडी होते. बहुतेक डिस्टिलऱ्या तयार मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला जव, विकत आणतात. किलहोमनही बराचसा मॉल्ट पोर्ट एलनच्या मॉल्ट बनवणाऱ्या कारखान्यातून घेते, पण स्वतःच्या शेतातल्या जवाची व्हिस्की वेगळी काढते. '100% आयला' नावाची ती मालिका 2011 मध्ये पहिल्यांदा आली. जवापासून बाटलीपर्यंत सगळं एकाच शेतावर.

पुढे धुराची भट्टी. खाली पीट जळतं. पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्यात दबून राहिलेलं शेवाळ, गवत आणि मुळं, वाळवून विटांसारखं केलेलं. सुरुवातीचे दहा-एक तास पीटचा धूर ओल्या मॉल्टमधून जातो, नंतर नुसती गरम हवा. दाणा ओला असतानाच धूर धरतो, म्हणून धुराची पाळी आधी. तो वास शेणीच्या चुलीचा आणि ओल्या मातीचा मिळून झाल्यासारखा आहे. धूर किती धरला हे फिनॉल या धुरातल्या रसायनाच्या पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग, असं मोजतात. किलहोमनच्या घरच्या मॉल्टचा आकडा 20च्या आसपास, पोर्ट एलनहून येणाऱ्याचा 50. वाटाड्यानं चघळायला दाणे दिले तर दोन्ही मागून घ्या. फरक जिभेवर लगेच कळतो.

दळण आणि गरम पाण्याचा टप्पा लवकर आटपतो. भरडलेला मॉल्ट गरम पाण्यात ढवळला की पिठाची साखर होते आणि गोड पाणी गाळून घेतात. उरलेला चोथा शेतावरच्या गुरांना जातो, आपल्याकडे पेंड जाते तसा. मिळाला तर त्या गोड पाण्याचा घोट घ्या. नाचणीच्या सत्त्वात गूळ जरा जास्त पडल्यासारखं लागतं.

आंबवण्याच्या टाक्यांशी पुन्हा थांबा. यीस्ट घातल्यावर किलहोमनला साधारण साडेतीन दिवस आंबू देतात. वेगवेगळ्या दिवशी भरलेल्या दोन टाक्यांची झाकणं उघडायला सांगा. पहिल्या दिवशीची उकळल्यासारखी फसफसते आणि पावासारखी वासते. तिसऱ्या दिवशीची शांत, वर पिकलेल्या फळाचा आंबूस वास. नाक एकदम आत घालू नका, वर कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो आणि झटका बसतो. हातानं हवा आपल्याकडे ओढून वास घ्या. व्हिस्कीतला फळांचा स्वाद बराचसा इथे ठरतो, म्हणून किती तास आंबवतात हा प्रश्न कुठल्याही डिस्टिलरीत विचारण्यासारखा आहे.

मग स्टिल. इथे उष्मा आणि आवाज दोन्ही असतात, आणि अल्कोहोलची वाफ असल्यानं फोन बंद करायला सांगितलं तर ऐकायचं. तांब्याची पातेली दोन टप्प्यांत काम करतात. पहिल्यात आंबवलेलं पाणी तापवून हलकी दारू काढतात, दुसऱ्यात तीच पुन्हा ऊर्ध्वपातित करतात. किलहोमनची पातेली लहान आहेत, पहिलं तीन हजार लिटरच्या आसपास आणि दुसरं त्याहून लहान. दुसऱ्याच्या मानेखाली फुगीर गोळा आहे तो बघा. जड वाफ त्यात थंड होऊन परत खाली पडते, हलकी तेवढी वर जाते. तांबंही नुसतं भांडं नाही. उग्र गंधकाची संयुगं ते धरून ठेवतं, म्हणून वर्षानुवर्षं झिजत जातं आणि बदलावं लागतं.

स्टिलच्या बाजूला काचेची, पितळी चौकटीची, कुलूप लावलेली पेटी असते. धार त्यातून वाहताना दिसते. मराठीत 'पहिल्या धारेची' म्हटलं की सगळ्यात अस्सल, सगळ्यात कडक. इथे नेमकं उलट आहे. पहिली धार तीव्र आणि बोचरी, ती बाजूला काढतात. शेवटची धार जड, ओल्या फडक्यासारखी वासणारी, तीही बाजूला. मधली तेवढी पिंपात जाते आणि दोन्ही टोकं पुढच्या खेपेत पुन्हा ओततात. मधली धार कुठून कुठपर्यंत घ्यायची यावर घराण्याची चव ठरते. पीटचा धूर धारेत उशिरा उतरतो, त्यामुळे धुराच्या व्हिस्कीत जरा पुढपर्यंत थांबावं लागतं. ज्यांनी कोकणात किंवा गोव्यात काजूची भट्टी पाहिली आहे, हुर्राक पहिली उतरते आणि पुन्हा गाळून फेणी होते हे ज्यांना माहीत आहे, त्यांना इथे काही परकं वाटणार नाही.

गोदामात शिरलात की बोलू नका, आधी श्वास घ्या. ओलं लाकूड, व्हॅनिला, सुकामेवा, समुद्र. स्कॉच म्हणवून घ्यायला दारू स्कॉटलंडमध्येच, 700 लिटरपर्यंतच्या ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं राहावी लागते आणि बाटलीत अल्कोहोल 40 टक्क्यांहून कमी चालत नाही. किलहोमन मुख्यतः आधी बर्बन (अमेरिकी व्हिस्की) भरलेली 200 लिटरची आणि शेरी (स्पॅनिश वाइन) भरलेली मोठी पिंपं वापरते. वर्षाला पिंपातली साधारण दोन टक्के व्हिस्की हवेत उडून जाते. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची डिस्टिलरी आहे, तिथल्या उकाड्यात हे प्रमाण कित्येक पटींनी जास्त, आणि म्हणूनच तिथली व्हिस्की कमी वर्षांत तयार होते. स्कॉटलंड लांब वाटत असेल त्यांनी कुंकळ्ळीचं केंद्र जरूर बघावं. तिथेही पाहुण्यांसाठी फेरी असते.

चाखायचं कसं

पेला ट्यूलिपच्या कळीसारखा असतो, खाली फुगीर, वर निमुळता. नाक पेल्यात खुपसू नका. तोंड किंचित उघडं ठेवून हनुवटीपासून वास घेत वर या. पहिला घोट अगदी लहान, जिभेला सवय व्हावी एवढ्यापुरता. चव बघायची ती दुसऱ्या घोटात. मग पाण्याचे दोन-तीन थेंब टाकून पुन्हा. किलहोमनची 'माखिर बे' ही व्हिस्की 46 टक्क्यांची आहे, तिला थोडं पाणी पुरतं. पिंपातून थेट काढलेली साठीच्या आसपास असू शकते, तिला जास्त. बर्फ इथे नको, वास मिटतो.

एकाच घराच्या दोन व्हिस्की शेजारी ठेवून चाखा, हा माझा आग्रह आहे. 'माखिर बे'मध्ये बर्बनच्या पिंपाचा भर आहे, 'सॅनेग'मध्ये शेरीच्या. तोच जव, तोच धूर, तीच धार, फक्त लाकूड वेगळं. पहिल्यात लिंबू आणि व्हॅनिला, दुसऱ्यात मनुका आणि जळका गूळ. आवडली नाही तर पेल्यात ठेवा, बादली असते तिच्यात ओता, कुणाला वाईट वाटत नाही. न पिणाऱ्यांनीही वास जरूर घ्यावा. मावशीनं घेतला आणि म्हणाली, "होळीच्या दुसऱ्या दिवशीचं अंगण." याहून नेमकं वर्णन मी कुठल्या लेबलावर वाचलेलं नाही.

बाटली घ्यायची तर

दुकानात घाईनं काही उचलू नका. 'माखिर बे' ग्लासगोत आणि विमानतळांवरही सापडते, ती इथून वाहून नेण्यात अर्थ नाही. डिस्टिलरीतच मिळणारं काही आहे का ते विचारा आणि चाखून मगच घ्या. 2021 पासून ब्रिटनमध्ये पर्यटकांना खरेदीवरचा व्हॅट परत मिळत नाही, तो हिशेब धरू नका. विमानात हातातल्या सामानात नेण्याचा भरवसा धरू नका. चेक-इनच्या बॅगेत 70 टक्क्यांपर्यंतची दारू मूळ सीलबंद बाटल्यांत, माणशी पाच लिटरपर्यंत नेता येते. भारतात उतरताना कराविना दोनच लिटर, म्हणजे 700 मिलिलिटरच्या दोन बाटल्या आणि वर काही छोट्या. बाटली लोकरीच्या मोज्यात घालून कपड्यांच्या मधोमध ठेवा.

फेरी संपली की लगेच निघू नका. आवारातल्या कॅफेत धुरावलेल्या हॅडक माशाचं, बटाटा आणि दूध घातलेलं दाट सूप मिळतं, थंडीत ते हवंच. शाकाहारी असाल तर त्या दिवशी काय आहे ते विचारून घ्या. मग माखिर बेचा किनारा, गाडीनं काही मिनिटांवर, लांब आणि बहुधा निर्मनुष्य. पाण्यात मात्र उतरू नका, आतली ओढ फार जबर आहे. जवळच्या टेकाडावर छोटी दफनभूमी आहे. ऑक्टोबर 1918 मध्ये अमेरिकी सैनिक घेऊन येणाऱ्या 'ओट्रँटो' जहाजावर वादळात 'काश्मीर' नावाचं जहाज आदळलं आणि 'ओट्रँटो' या किनाऱ्याजवळ फुटलं. चारशेच्या वर माणसं गेली. गावकऱ्यांनी समुद्रातून देह काढून इथे पुरले. अमेरिकनांना पुढे इथून हलवलं, काहींना इंग्लंडमधल्या अमेरिकी दफनभूमीत, काहींना मायदेशी नेलं, उरलेले खलाशी इथेच आहेत. मावशी तिथे बराच वेळ उभी होती. परतीच्या जहाजाला गाडी घेऊन निदान पाऊण तास आधी धक्क्यावर हजर राहायचं असतं, त्या हिशेबानं तिथून निघा.